बाईंनी मोडलेलं स्टूल

साहेब गेल्याची बातमी सकाळी आली आणि दुपारची जेवणं व्हायच्या आत बाईंच्या फाटकाशी पहिलं मोडकं स्टूल येऊन पडलं.

बाई म्हणजे शाळेतल्या सुतारकामाच्या बाई. सगळं गाव त्यांना पटाशीबाई म्हणे, अर्थात पाठीमागे. पटाशी हे लाकूड कोरायचं हत्यार. नीट धार लावलेली असली तर लोण्यात शिरावी तशी लाकडात शिरते, आणि वेंधळ्यासारखी धरली तर आपल्याच बोटात. बाईंची जीभही त्याच जातीची. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि, खरं सांगायचं तर, त्यांना ते आवडतही होतं.

आणि साहेब म्हणजे ते साहेब, ज्यांच्या कंपनीचा फोन तुमच्या-आमच्या खिशात असतो, ज्यांच्या कंपनीचं घड्याळ मनगटावर बसून ‘उठा, चाला, पाणी प्या’ म्हणून सासूसारखं टोचत राहतं. साहेबांची भाषणं लोकांना पाठ होती. त्यातही स्टुलाची गोष्ट तर अशी पाठ, की कोणी मध्येच थांबला तर पुढचं वाक्य समोरच्याने पुरं करावं. काळा सदरा घातलेले साहेब मंचाच्या मधोमध यायचे, जरा थांबायचे आणि म्हणायचे, “मी बारा वर्षांचा होतो. स्वतःच्या हाताने एक स्टूल केलं होतं. सुतारकामाच्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर त्याला लाथ घातली. तुकडे तुकडे केले. म्हणाल्या, तुझ्या हातून काही उभं राहायचं नाही. त्या दिवशी मी ठरवलं, असं काहीतरी उभं करीन की कोणाची लाथ त्याला पुरणार नाही.” मग टाळ्या. पुस्तकांत ही गोष्ट होती, भिंतींवरच्या चित्रांत होती, नोकरीला नव्याने लागलेल्यांना पहिल्या दिवशी ती ऐकवत.

साहेबांनी बाईंचं नाव कधी घेतलं नाही, एवढा मोठेपणा त्यांनी ठेवला. पण शाळा कोणती ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्या शाळेत तेव्हा सुतारकामाला बाई एकच होती. साहेब जिवंत होते तोवर लोक बाईंना नुसते टक लावून बघायचे. साहेब गेले आणि लोकांना राग काढायला जागा हवी झाली. आजारावर कसा काढणार? आजाराला पत्ता नसतो. बाईंना होता.

संध्याकाळपर्यंत फाटकाशी स्टुलांचा ढीग झाला. बाईंची धाकटी बहीण खिडकीच्या पडद्याआडून बघत होती आणि दर थोड्या वेळाने बातमी देत होती. दोघी बहिणी एकाच घरात राहायच्या. धाकटी पुढच्या खोलीत शिवणकाम करायची, आणि मशीन थांबलं की तिचं तोंड सुरू व्हायचं.

“आणखी एक टाकलं गं ताई. चांगला शिकलेला दिसत होता. गाडीतून उतरून टाकलं.”

“लाकूड कसलं आहे?” बाईंनी आतून विचारलं.

“लाकूड? लोक तुझ्या नावाने खडे फोडतायत आणि तू लाकूड विचारतेस?”

बाई बाहेर आल्या. गेटमधून हात घालून त्यांनी एक पाय ओढून घेतला, उलटसुलट करून बघितला, नखाने खरवडला. “भुसा दाबून केलेलं. वरून कागद चिकटवलाय. हे मोडलेलं नाही, हे मुळात कधी झालंच नव्हतं.” त्यांनी तो पाय परत ढिगावर भिरकावला. जाणाऱ्या-येणाऱ्या दोघांनी ते बघितलं, आणि त्याचं चित्रण रात्रीच्या आत घरोघर पोचलं. खाली लिहिलं होतं, म्हातारी अजून तोडतेच आहे.

आता खरं काय झालं होतं ते सांगतो, म्हणजे पुढच्या सगळ्या तमाशाचा अर्थ लागेल. बाईंच्या वर्गाची एक रीत होती. कोणाचंही स्टूल पुरं झालं की ते वर्गाच्या मधोमध ठेवायचं आणि बाईंनी त्यावर चढून उभं राहायचं. ज्यावर मी उभी राहणार नाही त्यावर तुम्ही दुसऱ्या कोणाला बसवायचं नाही, असं त्या म्हणत. त्या मुलाचं स्टूल सगळ्या वर्गात देखणं होतं. असं पॉलिश, की वाकून बघितलं तर तोंड दिसावं. पण आडवी पट्टी पायात कोरून बसवायचा त्याला कंटाळा आला होता. त्याने ती वरच्यावर खिळ्याने ठोकली आणि खिळ्यांची डोकी पॉलिशखाली लपवली. बाई त्यावर चढल्या. स्टूल फाकलं, बाई खाली आणि त्यांचं उजवं मनगट बाईंच्या खाली. ते मनगट पुढे कधी सरळ बसलं नाही. आजही दरवाज्याची कडी लावताना त्यांचा हात वाकडा जातो.

लाथ कुठेच नव्हती. लाथ साहेबांनी पुढे कधीतरी, काळ्या सदऱ्याबरोबर शिवून घेतली.

“तू एकदा तोंड उघड ना गं,” धाकटी म्हणाली. “इतकी वर्षं मी ऐकतेय. चोर तो चोर वर शिरजोर! हात तुझा मोडला आणि लाथही तुझीच?”

“वर्गातली गोष्ट वर्गात. पोरांची उणीदुणी मी चव्हाट्यावर मांडत नाही.”

“पोरगा? पन्नाशी उलटली होती त्याची!”

“माझ्याकडे होता तेव्हा बाराचाच होता,” असं म्हणून बाई स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या औषध आणायला निघाल्या. औषधवाल्याने एरवीसारखं ‘काय बाई’ म्हटलं नाही. पुडी त्याने त्यांच्या हातात न देता काचेवर ठेवली. चौकात साहेबांच्या कंपनीचं मोठं दुकान होतं. त्याच्या काचांवर काळे पडदे होते आणि समोर पदपथावर फुलं, मेणबत्त्या आणि माणसं. आदल्याच महिन्यात नव्या फोनची किंमत ऐकून ज्यांनी साहेबांच्या नावाने बोटं मोडली होती, ते आता गळ्यात गळे घालून रडत होते. खोटं रडत होते असं मी म्हणणार नाही. रडू खरं होतं. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं, इतकंच.

फुलांच्या मागे स्टुलं होती. साहेबांना श्रद्धांजली म्हणून प्रत्येकाने मोडकं स्टूल वाहायचं, ही टूम कोणी काढली देव जाणे. पण मोडकं स्टूल घरोघर कुठून असणार? म्हणून लोक कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन आणत होते आणि एक तरुण हातोडा घेऊन ती मोडून देत होता. रांग लावून! फुकट, सेवा म्हणून.

बाई थांबल्या. तो हातोडीवाला एक सागवानी स्टूल आडवं पाडत होता. घट्ट, साधं, अंगचंच चांगलं. त्याने एक घाव घातला. स्टूल हललं नाही. दुसरा घातला. बाई पुढे झाल्या.

“थांब रे,” त्या म्हणाल्या. “त्याने काय घोडं मारलंय तुझं?”

“आजी, हे प्रतीक आहे.”

“हे स्टूल आहे. केलंय कोणीतरी. सांधा बघ, केसभर फट नाही. हे ज्याने केलं त्याने दिवस घातलाय त्यात, आणि तू दोन मिनिटांत त्याचा निकाल लावतोयस. तुझ्या साहेबांना मोडक्या वस्तू आवडायच्या?”

“साहेबांचं स्टूल एका दुष्ट बाईने...” तो बोलता बोलता अडखळला, कारण त्याच्या मागच्या मुलीने फोनवरचं चित्र आणि समोरचा चेहरा ताडून बघितला होता आणि ती किंचाळली होती, “त्याच ह्या! ह्याच!”

लोक गोळा झाले. कोणी ‘लाज नाही वाटत’ म्हणालं, कोणी ‘इथं यायची हिंमत बघा’. एकाने ‘जाऊ दे, म्हातारी आहे’ म्हटलं, आणि तेच बाईंना सगळ्यात झोंबलं. त्यांनी ते सागवानी स्टूल उचललं, काखेत मारलं आणि गर्दीला म्हणाल्या, “हे मी नेतेय. रडायचं तर खुशाल रडा, पण घडवलेलं मोडून रडू नका.” त्यांना कोणी अडवलं नाही. वाकड्या मनगटाने स्टूल सावरत त्या घरापर्यंत चालत गेल्या, आणि घरी पोचल्यावर मात्र चपला न काढताच खुर्चीत बसल्या.

त्याच संध्याकाळी मुख्याध्यापिका आली. ही बाईंचीच विद्यार्थिनी, आणि तीही त्या मुलाच्या वर्गातली. तिच्याबरोबर कंपनीचा माणूस होता, गुळगुळीत दाढीचा, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. शाळेच्या सभागृहात साहेबांची शोकसभा ठरली होती. साहेबांची आई येणार होती. आणि शाळेला कंपनी एक देणगी जाहीर करणार होती.

“बाई, कार्यशाळा वाचतेय,” मुख्याध्यापिका म्हणाली.

हे ऐकून बाई पहिल्यांदा नीट सरसावून बसल्या. शाळेची सुतारकामाची कार्यशाळा बंद पडायच्या बेतात होती. संचालकांना ती जागा दुसऱ्या कामाला हवी होती, विमा परवडत नाही म्हणत होते, लाकूड महाग झालं म्हणत होते. निवृत्तीनंतरही बाई दर शनिवारी तिथे जायच्या, पगार न घेता. मुलांच्या हातात करवत द्यायच्या, रंधा कसा ओढायचा ते दाखवायच्या. शनिवार गेला तर आठवड्यात दुसरं काही उरत नाही, हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. धाकटीला ते न बोलता माहीत होतं.

“नवं छप्पर, नवी यंत्रं, कायमचा शिक्षक,” कंपनीचा माणूस म्हणाला. “साहेबांचं नाव देऊ. तुमच्याकडून फक्त दोन शब्द हवेत.” त्याने कागद पुढे केला.

बाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. “मी चुकले. एका लहान मुलाचं स्वप्न मी पायाखाली तुडवलं. त्याने जग घडवून मला उत्तर दिलं. आज मी त्याची माफी मागते.” त्यांनी कागद खाली ठेवला. “अक्षर छान आहे.”

“लोकांना शेवट हवा असतो, बाई. गोष्ट पुरी होते.”

बाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्या मुख्याध्यापिकेला म्हणाल्या, “तू वर्गात होतीस. खिडकीजवळ बसायचीस. मी पडले तेव्हा पाणी कोणी आणलं?”

मुख्याध्यापिकेने पदर सारखा केला. “मी आणलं असेल, बाई.”

“मग? लाथ मारली मी?”

“तुम्हाला खरं सांगू? मला आता नीट आठवत नाही. गोष्ट इतक्यांदा ऐकलीय, की डोळे मिटले तर लाथच दिसते. पाणी आणल्याचंही तुम्ही विचारलंत म्हणून म्हटलं.” तिचे डोळे भरले होते. “पण कार्यशाळेचं आठवतं मला. ती जाऊ नये, बाई. दोन वाक्यं आहेत.”

बाईंना तिचा राग आला आणि दयाही आली. राग जास्त. “येते मी सभेला,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि कंपनीच्या माणसाने होकार समजून हात जोडले.

पाहुणे गेल्यावर धाकटी मशीनवरून उठून आली. बाईंना वाटलं, ही आता कागद चुलीत घालायला सांगणार. पण धाकटी म्हणाली, “म्हणून टाक.”

“तू म्हणतेस हे?”

“मीच म्हणते. तो मेला, त्याचा खोटेपणा त्याच्याबरोबर गेला. जगाला काय, आज स्टूल, उद्या आणखी काही. पण तुझा शनिवार जाईल ना. दोन वाक्यांनी जीभ झिजते का माणसाची? बोलायचं, खाली उतरायचं, आणि नव्या छपराखाली पोरांना शिकवायचं. शहाणपण त्यातच आहे गं.”

खरी गोष्ट अशी, की बाईंचं मन डळमळलं होतं. नवं छप्पर त्यांना डोळ्यांपुढे दिसत होतं. जुन्या कार्यशाळेत पावसाचं पाणी नेमकं लाकडांच्या फळीवर गळायचं आणि दर खेपेस फुगलेल्या फळ्या बघून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. दोन वाक्यं. सभागृहातल्या लोकांना त्या परत भेटणार थोड्याच होत्या!

मधे शनिवार आला. बाई कार्यशाळेत गेल्या तर नेहमीचा गलका नाही. मुलं कामं करत होती, पण मान वर न करता. एका मुलीचं स्टूल मागच्या वेळी जवळजवळ पुरं झालं होतं. बाईंनी विचारलं, “आण गं, आज उभं राहून बघू.” मुलगी म्हणाली, घरी राहिलं. बाईंना कपाटाच्या मागे चार पाय दिसत होते.

“ते काय आहे मग?”

मुलगी रडकुंडीला आली. “अजून चांगलं झालं नाही, बाई. चांगलं झालं की आणते. आत्ता नको.” आणि मग, दुसऱ्या कोणीतरी पुढे ढकलल्यासारखी, “तुम्ही मोडाल.”

वर्ग असा शांत झाला, की वरच्या पत्र्यावर कावळा चालतोय ते ऐकू यावं. बाईंनी एकेकाचं तोंड बघितलं. एवढी वर्षं मुलं त्यांच्या जिभेला घाबरायची, ते ठीक होतं, ते त्यांनी कमावलेलं होतं. पण कच्चं काम पुढे आणायला मूल कधी घाबरलं नव्हतं. कच्चं आणायचं, मोडलं तर परत करायचं, यासाठीच तर ती खोली होती. आपण त्या सभेत ‘हो, मी लाथ मारली’ म्हटलं तर नव्या छपराखाली, नव्या यंत्रांशेजारी, प्रत्येक मूल आपलं स्टूल कपाटामागे लपवील. मग कार्यशाळा वाचून वाचेल काय? चार भिंती आणि पत्रा.

त्यांनी तो विषय तिथे वाढवला नाही. मुलीला एवढंच म्हणाल्या, “राहू दे. तुला वाटेल तेव्हा आण.” पण घरी जाताना त्यांची पावलं ठाम पडत होती.

सभेच्या दिवशी सभागृह ओसंडून वाहत होतं. मंचावर साहेबांचा छताला टेकलेला फोटो. कॅमेरे. पहिल्या रांगेत मधोमध साहेबांची आई, अगदी लहानखुरी, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली. लोक येऊन तिच्या पायाशी वाकत होते आणि ती प्रत्येकाकडे ‘हा कोण’ अशा नजरेने बघत होती. भाषणं झाली. कोणी साहेबांना द्रष्टा म्हणाला, कोणी शतकाचा शिल्पकार. प्रत्येक भाषणात स्टूल आलं आणि प्रत्येक वेळी लोकांनी सुस्कारा सोडला. धाकटी मागच्या दाराशी उभी होती. तिने कधी नव्हे ते तोंडात रुमाल धरला होता.

बाईंचं नाव न घेता ‘त्या शिक्षिका’ म्हणून पुकारा झाला. सभागृहात कुजबुज उठली. बाई पायऱ्या चढून वर गेल्या. कंपनीच्या माणसाने कागद आधीच समोर लावून ठेवला होता. बाईंनी तो उचलला, घडी घातली आणि बाजूला ठेवला.

“हा मुलगा माझ्या वर्गात होता,” त्या म्हणाल्या. “तो गेला याचं मला वाईट वाटतं. हाताखालून गेलेली मुलं आपल्याआधी जाऊ नयेत. तो मोठा होता की कसा, ते तुम्ही ठरवा, मला त्याच्या फोनमधलं काही कळत नाही. मला त्याचं स्टूल माहीत आहे, त्याबद्दल बोलते. ते मी लाथ मारून मोडलेलं नाही. मी त्यावर विश्वासाने उभी राहिले आणि ते मोडलं. बरोबर माझा हातही मोडला. हा बघा.”

त्यांनी हात वर केला. सभागृहात आधी कोणाला काही कळलंच नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, “मेलेल्या माणसावर आरोप करताय?”

“आरोप नाही. पोरांची स्टुलं मोडतातच, नाही मोडली तर शिकतील कशी? राग मला त्याचा नाही. राग पुढच्याचा आहे. पुढचं तुम्ही सगळे गाळता, आणि त्यानेही गाळलं. त्याने ते स्टूल परत केलं!”

कंपनीच्या माणसाने बोटाने खूण केली आणि ध्वनिक्षेपक बंद पडला. त्याला बिचाऱ्याला कल्पना नव्हती. तीस करवती एकदम चालत असताना शेवटच्या मुलाला ऐकू जाईल असा तो आवाज होता, तारेच्या जोरावर पोसलेला नव्हता.

“कोणी सांगितलं नव्हतं त्याला! रोज मधल्या सुट्टीत एकटा यायचा. माझा हात गळ्यात बांधलेला. मी तोंडाने सांगायची, तो कोरायचा. चुकलं की फेकायचा आणि दुसरी पट्टी घ्यायचा. एक खिळा वापरला नाही. पॉलिश लावू का म्हणाला, मी म्हटलं नको, लोकांना लाकूड दिसू दे. आणि मग सगळ्या वर्गासमोर, गळ्यात हात असताना, मी त्यावर उभी राहिले. ते हललं नाही. तुम्हाला लाथ खाल्लेला मुलगा हवाय ना? तसला माझ्याकडे नाही. चूक करून ती आपल्या हाताने निस्तरणारा मुलगा होता माझ्याकडे. मी खोटी माफी मागितली तर तो पुसला जाईल. मी नाही पुसणार. कार्यशाळा बंद करायची तर खुशाल करा!”

मग जो गोंधळ उठला तो काय सांगावा. लोक खुर्च्यांवरून उभे राहिले. ‘खोटारडी’, ‘उतरवा तिला’, ‘लाज सोडली म्हातारीने’. कोणीतरी फूल फेकलं, ते बाईंच्या खांद्याला लागून पडलं. कंपनीचा माणूस मुख्याध्यापिकेपाशी गेला आणि आता त्याचा आवाज मुळीच मऊ नव्हता. “देणगी विसरा,” तो म्हणाला, “आणि ह्यांना आधी खाली न्या.” मुख्याध्यापिकेचा चेहरा पांढराफटक पडला. कार्यशाळा गेली हे तिला कळलं, आणि बाईंनाही तिच्या तोंडावरून कळलं. तो दुसऱ्यांदा म्हणाला, “न्या खाली.” मुख्याध्यापिका जागची हलली नाही. तिने हाताची घडी घातली आणि ती तशीच उभी राहिली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून साहेबांची आई उठली.

ती चालायला लागली तसा गोंधळ आपोआप ओसरला. आईला आधार द्यायला चौघे धावले, तिने चौघांनाही बाजूला सारलं. कठडा धरून एकेक पायरी चढत ती बाईंच्या समोर येऊन थांबली. गर्दीला तोंड देणं वेगळं आणि मूल गेलेल्या आईला वेगळं. ही बाई आता आपल्या थोबाडीत मारील तर आपण काय करायचं, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता.

“मधल्या सुट्टीत यायचा म्हणालात?” आईने विचारलं.

“रोज.”

“म्हणून डबा तसाच परत यायचा.” ती बाईंकडे बघत होती, पण बघत कुठेतरी भलतीकडेच होती. “रोज भरलेला डबा परत. मला वाटायचं, माझ्या हातचं त्याला आवडेनासं झालं. एकदा मारलंसुद्धा मी त्याला. बोलला नाही हो काही. हट्टाने गप्प राहिला.”

बाईंनी तिचा हात धरला. वाकड्या हातानेच.

“तुमचा हात मोडला तेव्हा,” आई आणखी हळू म्हणाली, “तो रडला का?”

“दवाखान्यात आला होता, एकटा. प्लास्टर बघितलं आणि असा रडला, असा रडला, की सगळ्या खोलीतले रोगी उठून बसले. वर्गात सांगू नका म्हणाला. मी कधी सांगितलं नाही, आज इथेही नाही सांगितलं. पण तुम्ही काही वर्गातल्या नाही.”

“त्याचे वडील गेले तेव्हा टिपूस नव्हता डोळ्यांत,” आई म्हणाली. “सगळे म्हणायचे, काय धीराचा आहे. मला भीती वाटायची. वाटायचं, ह्याला रडताच येत नाही की काय.”

“छे हो. चांगलं येत होतं त्याला.”

आईने मान हलवली, पुन्हा हलवली, आणि कॅमेऱ्यांसमोर आवरून धरलेलं इतक्या दिवसांचं रडू तिला तिथे, बाईंच्या खांद्यावर फुटलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, “नीट सांगा मला. पहिल्यापासून.”

मंचावर काय बोलणं चाललंय ते कोणालाच कळत नव्हतं. लोक पुढे पुढे सरकत होते, फोन उंच धरत होते. “मोठ्याने बोला! ऐकू येत नाही!” मागून कोणीतरी ओरडलं. कंपनीचा माणूस घाईघाईने चालू केलेला ध्वनिक्षेपक घेऊन धावत आला आणि त्याने तो दोघींच्या मधे धरला.

बाईंनी तो हाताने खाली केला.

“हे तुमच्यासाठी नाही,” त्या सभागृहाला म्हणाल्या, आणि आईला खुर्चीत बसवून, तिच्या कानाशी वाकून, त्यांनी सांगायला सुरुवात केली.